बदलत्या घरातले मूल : सुरतेच्या बालवाङ्मयाच्या निमित्ताने

१६६४ आणि १६७० सालच्या दोन स्वाऱ्या आणि १९०७ च्या डिसेंबरात तापीकाठी मोडलेले काँग्रेसचे अधिवेशन, एवढ्या सामग्रीवर मराठी वाचकाच्या मनातील सुरत उभी असते. पहिल्या दोन प्रसंगी आपण तेथून काय आणले आणि तिसऱ्या प्रसंगी व्यासपीठावर काय भिरकावले गेले, हे आपल्या पाठ्यपुस्तकांनी आपणांस पुरेसे सांगितले आहे. (तो जोडा मराठी घडणीचा होता, असे प्रत्यक्षदर्शींनी नोंदवून ठेवले आहे, आपण मात्र त्याचा उल्लेख जरा हळू आवाजात करतो.) या लेखात आम्हांस सुरतेकडे एका वेगळ्याच वाटेने जावयाचे आहे. ती वाट मुलांच्या पुस्तकांची आहे, आणि तिच्यावरून इतिहासाचे अभ्यासक सहसा जात नाहीत.

आमच्यापुढील प्रश्न साधा आहे. घर बदलते. बाप पोटासाठी परगावी जातो, भाऊभाऊ वाटण्या करून वेगळे होतात, आई मरते, नवी आई येते, एखादे परके मूल घरात येऊन आपले होते. हे सारे निर्णय थोरांचे असतात आणि त्यांतील एकही मुलाला विचारून घेतलेला नसतो. अशा वेळी आठ ते बारा वर्षांच्या, वाचू लागलेल्या मुलाच्या हाती आपल्या वाङ्मयाने काय दिले? कुटुंबसंस्थेचा इतिहास लिहिणारे विद्वान जनगणनेचे अहवाल पाहतात, कायद्याची कलमे पाहतात, फार झाले तर आत्मचरित्रे पाहतात. मुलांच्या गोष्टी मात्र त्यांना पुराव्याच्या लायकीच्या वाटत नाहीत. आमचे मत याच्या उलट आहे. थोर माणूस आत्मचरित्रात घराची इभ्रत सांभाळून लिहितो. मुलांसाठी लिहिताना तो तितका सावध नसतो, आणि घराचे खरे रूप नकळत तेथे उमटून जाते.

आपल्याकडील मुलांच्या मासिकांचा आरंभ पाहिला तर हे लगेच ध्यानात येत नाही. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली ‘बालबोध’ सुरू केले, वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’. या दोन्ही मासिकांचे उपकार मोठे आहेत. पण त्यांच्या पानांतील घर एखाद्या भिंतीवरील चित्रासारखे स्थिर आहे. बदलावयाचे ते मुलाने: आळस सोडावा, खरे बोलावे, थोरांची चरित्रे वाचून मोठे व्हावे. घर बदलू शकते, ही शंकाच तेथे उद्भवत नाही. प्रत्यक्षात मात्र याच काळात कोकणातून मुंबईस, सौराष्ट्र-सुरतेहून मुंबईस आणि देशावरून पुण्यास घरेच्या घरे हलत होती.

सुरतेचे उदाहरण आम्ही घेतो ते एवढ्यासाठी की, तेथे ही हालचाल फार लवकर आणि फार स्पष्ट अक्षरांत नोंदली गेली. सतराव्या शतकातील हे वैभवशाली बंदर अठराव्या शतकात खालावत गेले आणि मुंबई वर आली. सुरतेचा व्यापारी, कारागीर, लेखनिक यांच्यापुढे तेव्हा एकच मार्ग उरला. घर सुरतेत ठेवावयाचे आणि कमावता पुरुष मुंबईस पाठवावयाचा. १८३७ हे साल तर सुरतेच्या स्मरणात डागासारखे राहिले. त्या वर्षी उन्हाळ्यात लागलेल्या आगीत शहरातील हजारो घरे जळाली आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तापीस पूर आला.

ज्या घराची त्या आगीत राख झाली त्यांपैकी एक आमलीरानातील नागर ब्राह्मणाचे होते. त्या घरात १८३३ च्या ऑगस्टात जन्मलेला मुलगा पुढे कवी नर्मद म्हणून प्रसिद्धी पावला. त्याचे वडील लालशंकर मुंबईत लेखनिकाचे काम करीत. नर्मदाचे बालपण त्यामुळे सुरत आणि मुंबई यांच्या दरम्यान येरझाऱ्या घालण्यात गेले. थोडे दिवस या शाळेत, थोडे दिवस त्या शाळेत. आज आईजवळ, उद्या वडिलांजवळ. १८५० साली आई वारली आणि एल्फिन्स्टनमधील शिक्षण सोडून हा सतरा वर्षांचा मुलगा सुरतेस परतला. तीन वर्षांनी त्याची बायको वारली. हे सारे त्याने ‘मारी हकीकत’ या नावाने १८६६ साली लिहून काढले. गुजराती भाषेतील हे पहिले महत्त्वाचे आत्मचरित्र त्याच्या हयातीत लोकांपुढे आले नाही. त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९३३ साली, ते प्रकाशित झाले. या सालाची वाचकांनी खूणगाठ बांधून ठेवावी, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

‘मारी हकीकत’ मुलांसाठी लिहिलेली नाही. तथापि तिच्यातील बालपणाच्या भागास आम्ही फार महत्त्व देतो. घराच्या हलण्याचे वर्णन करताना नर्मद रडत नाही आणि उपदेशही करीत नाही. तो हिशेब मांडल्यासारखे लिहितो: अमुक संवतात येथे होतो, अमुक संवतात तेथे. पिढ्यान् पिढ्या वहीखाते लिहिणाऱ्या शहराची ही रीत आहे. दुःख जमेच्या बाजूस नाही, खर्चाच्या बाजूस नाही. पण वही नीट वाचली की शिल्लक किती कमी झाली ते कळते.

नर्मद ज्यांच्या हाताखाली शिकला त्या दुर्गाराम मेहताजींचे नाव येथे घेणे प्राप्त आहे, कारण त्यांच्या शेजारी एक मराठी माणूस उभा आहे. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे त्या काळी सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. १८४४ साली या मंडळींनी तेथे मानवधर्मसभा स्थापिली. जातिभेद, मूर्तिपूजा, भूतपिशाच्च यांवर तेथे वाद झडत. विधवांच्या पुनर्विवाहाचा पुरस्कार दुर्गाराम उघडपणे करीत. त्यांची स्वतःची पत्नी वारल्यावर आपण विधवेशीच लग्न करू, असे त्यांनी बोलून दाखविले होते. प्रत्यक्षात ते घडले नाही, त्यांनी कुमारिकेशी विवाह केला. सुधारकांना यावरून बोल लावणे सोपे आहे. आम्हांस त्यात एवढेच दिसते की, सभेत घर बदलणे आणि घरात घर बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे सुरतेस १८५० च्या आगेमागेच कळून चुकले होते. दादोबांनीही आपले आत्मचरित्र लिहिले, ते अ. का. प्रियोळकरांनी १९४७ साली संपादून प्रसिद्ध केले. सुरतेच्या शाळेतील या दोन शिक्षकांच्या सहवासाचा आपल्या समीक्षेने पुरेसा विचार केला आहे, असे आम्हांस वाटत नाही.

कादंबरीकडे वळावे तरी हेच दिसते. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून आपण १८५७ च्या ‘यमुनापर्यटना’चे नाव घेतो; बाबा पदमनजींचे ते पुस्तक उजाड घरांतून हिंडणाऱ्या विधवांच्या हकीकतींचे आहे. गुजरातीतील पहिली कादंबरी ‘करण घेलो’ ही १८६६ साली सुरतेच्याच नंदशंकर मेहतांनी लिहिली. तिचा आरंभ राजाने प्रधानाची बायको पळविण्यापासून होतो आणि पुढे त्याच राजाची राणी दिल्लीच्या जनानखान्यात जाते. मागे राहते ती तिची लहान मुलगी देवळदेवी. दोन शेजारी भाषांनी कादंबरी लिहावयास घेतली तेव्हा दोघींनाही प्रथम आठवले ते मोडलेले घर. मात्र त्या मोडलेल्या घराकडे मुलाच्या उंचीवरून पाहण्यास अजून अवकाश होता. हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून ‘करमणुकी’त ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिली तेव्हा लहानग्या यमूच्या तोंडून घर प्रथम बोलले. पण ते थोरांशी बोलले.

आता १९३३ सालाकडे येऊ. ज्या वर्षी नर्मदाची हकीकत उजेडात आली त्याच वर्षी, फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजी ‘श्यामची आई’ लिहीत होते. पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चे प्रकाशनही याच सुमारास १९३४ मध्ये सुरू झाले. आणि १९३६ साली सुरतेत एक बोकड मुलांच्या भेटीस आला.

त्या बोकडाविषयी आम्हांस सविस्तर लिहावयाचे आहे, कारण मराठी शिक्षकांपैकी फार थोड्यांस त्याची ओळख असेल. सुरतेस गांडीव साहित्य मंदिर नावाची प्रकाशनसंस्था होती आणि नटवरलाल माळवी यांनी चालविलेले ‘गांडीव’ हे मुलांचे पाक्षिक तेथून निघे. त्यात हरिप्रसाद व्यास यांनी ‘बकोर पटेल’ या नायकाच्या गोष्टी लिहावयास घेतल्या आणि १९५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षे, त्या येत राहिल्या. चित्रे तनसुख आणि मनसुख या दोघा भावांनी काढलेली. पटेलांचे धड माणसाचे, तोंड बोकडाचे. त्यांची पत्नी शकरी पटलाणी. स्नेह्यांमध्ये वाघजीभाई वकील, हाथीशंकर धमधमिया, डॉक्टर उंटडिया. ज्याचे त्याचे तोंड त्याच्या नावास साजेसे. गुजरातीत ‘शोरबकोर’ म्हणजे गलका, आरडाओरडा. आणि ‘बकरो’ म्हणजे बोकड. ‘बकोर’ या एकाच शब्दात लेखकाने प्राण्याचे आणि स्वभावाचे, दोहोंचे वर्णन उरकले आहे.

पटेल राहतात मुंबईत. त्यांची स्वतःची पेढी आहे आणि जपानहून माल मागविण्याचा त्यांचा धंदा. पैशाची ददात नाही. गोष्टींत घडते काय, तर रोजच्या व्यवहारातील फजिती. पटेलांच्या डोक्यात एखादी कल्पना शिरते, ते ती अंगावर घेतात, पसारा वाढतो, शकरीबाई कपाळास हात लावतात, वकील आणि डॉक्टर धावून येतात, आणि सारे जण हसत घरी जातात. पंचतंत्रातील प्राण्यांसारखी नीती हे प्राणी शिकवीत नाहीत. त्यांना एकमेकांस खाण्याची इच्छाही होत नाही. वाघ बोकडाच्या घरी चहास येतो आणि कायद्याचा सल्ला देऊन जातो. मुंबईसारख्या शहरात निरनिराळ्या जातींची, धंद्यांची, स्वभावांची माणसे एका जिन्यावर राहू लागली, तेव्हा जे घडत होते ते याहून सोप्या रीतीने मुलांस कोणी सांगितले असेल, असे आम्हांस वाटत नाही.

या घरात काय नाही, तेही पाहावे. बकोर पटेलांच्या घरात एकत्र कुटुंब नाही. सासू, दीर, जावा, काका, आजोबा या नात्यांची वर्दळ नाही. नवरा-बायको आहेत, आणि नातलगांच्या जागी स्नेही आहेत. ज्या सुरतेत हे पाक्षिक छापले जाई तेथील जुन्या पोळांमध्ये आणि शेऱ्यांमध्ये अशी घरे तेव्हा अपवादानेच असतील. ती मुंबईत होती. म्हणजे सुरतेच्या मुलाला दर पंधरवड्यास मुंबईतील एका नव्या घराचा नमुना घरपोच मिळत होता. नर्मदाच्या वडिलांनी शंभर वर्षांपूर्वी ज्या वाटेने प्रवास केला त्याच वाटेवर पटेलांची बिऱ्हाडवस्ती आहे. फरक इतका की लालशंकरांचे घर सुरतेत मागे राहिले होते आणि पटेलांनी ते बरोबर नेले.

आणखी एक गोष्ट नाही, ती सर्वांत विलक्षण. या मुलांच्या गोष्टींत मूलच नाही. पटेल आणि पटलाणी मध्यम वयाचे आहेत, त्यांचे स्नेहीही त्याच वयाचे. कोणाच्याही घरी शाळेत जाणारे पोर नाही. एरवी कोणीही शिक्षक म्हणेल की, मुलांच्या पुस्तकात मुलाची भूमिका हवी, म्हणजे वाचणारा स्वतःला तेथे पाहील. व्यासांनी हा नियम वीस वर्षे मोडला आणि त्यांचा वाचक हलला नाही. असे का व्हावे?

आम्हांस याचे कारण असे दिसते. ज्या मुलाच्या घरात थोरांचे निर्णय वरून कोसळत असतात, त्यास थोर माणसे अगम्य वाटतात. ती का रागावतात, का गप्प होतात, का एकाएकी बिऱ्हाड हलवितात, हे त्यास कळत नाही. आणि कळत नसल्यामुळे पुष्कळदा सारा दोष आपलाच असावा, अशी त्याची समजूत होते. बकोर पटेलांच्या गोष्टीत थोर माणसे पहिल्यानेच त्याच्या आवाक्यात येतात. ती बढाई मारतात, घाबरतात, हट्ट करतात, चुकतात आणि चूक लपवितात. वाचणारे मूल त्यांच्यापेक्षा पायरीभर वर बसलेले असते. पुढे काय फजिती होणार हे त्यास पटेलांच्या आधी दिसते. घरातील मुलाची जागा लेखकाने रिकामी ठेवली ती वाचकाने बसावे म्हणून. थोरांचे अज्ञान पाहून हसता येणे हे बदलत्या घरात राहणाऱ्या मुलास केवढे मोठे बळ आहे, हे ज्यांनी वर्गात अशी मुले पाहिली आहेत त्या शिक्षकांस वेगळे सांगावयास नको.

याच वेळी, त्याच मुंबई इलाख्यात, मराठी मूल काय वाचीत होते? सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून पूर्वेस निघालेला लोहमार्ग नंदुरबारवरून अमळनेरास जातो. त्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. तेथून ते सत्याग्रहात गेले आणि सत्याग्रहातून तुरुंगात. ‘श्यामची आई’त जे घर आहे ते कोकणातले, पालगडचे, पण ते ज्या मुलांस मनोमन सांगितले गेले ती खानदेशातील वसतिगृहाची मुले होती, असे आम्ही समजतो. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांना रात्री गोष्ट सांगावी, तशी या पुस्तकाची प्रकरणे ‘रात्र’ म्हणून मोजली आहेत.

‘श्यामची आई’ हे मातृप्रेमाचे पुस्तक म्हणून आपण वाचतो आणि ते आहेच. पण इतिहासाच्या दृष्टीने ते एका घराच्या उतरणीचे पुस्तक आहे. एकत्र कुटुंबात भाऊबंदकी माजते, वडिलांना राहते घर सोडावे लागते, माहेरच्या आश्रयाने राहणे आईस जाचते, तिच्या आग्रहाने स्वतःची झोपडी उभी राहते, कर्ज वाढत जाते, सावकाराचा माणूस दारात बसतो, आणि शेवटी आई जाते तेव्हा श्याम जवळ नसतो. एकामागून एक पायऱ्या. प्रत्येक पायरीवर मुलगा काय पाहतो, हे गुरुजींनी इतक्या नेमकेपणे टिपले आहे की, कोकणातील खोती घराण्यांच्या ऱ्हासाचा अभ्यास करणाऱ्याने हे पुस्तक हाताशी ठेवावे. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि आईची मूर्ती घरोघर पोचली. झोपडीमागचे ते ऋण मात्र थोडे मागे पडले.

एकीकडे श्यामची झोपडी, दुसरीकडे बकोर पटेलांचे मुंबईचे बिऱ्हाड. दोन्ही घरे एकत्र कुटुंबाबाहेर पडलेली आहेत. एक ढकलले गेले म्हणून बाहेर पडले, दुसरे चालत गेले. एका घरात सारे काही हरवते, म्हणून प्रत्येक वस्तूस मोल येते. दुसऱ्यात वस्तूंची रेलचेल आहे आणि त्या वस्तूच घोटाळे करतात. एका पुस्तकाने मुलास त्याच्या दुःखाचे नाव सांगितले. दुसऱ्याने नाव घेतलेच नाही.

आमच्या समीक्षेने पहिल्या पुस्तकाचा गौरव केला, हे योग्यच झाले. पण त्या गौरवातून एक खोड लागली. मुलांसाठी लिहिताना घरातील बदल दाखवावयाचा असेल तर तो अश्रूंतूनच दाखवावा, हसू आले की विषयाचे गांभीर्य गेले, असे आपण धरून चाललो. अश्रूंचे अनुकरण करणे सोपे असते. गुरुजींच्या मागून आलेल्या कित्येक लेखकांनी आई आजारी पाडली आणि काम संपले असे मानले. गुजरातेत उलट घडले. तेथे बकोर पटेल इतके लाडके झाले की त्यांना वाङ्मयात बसावयास गंभीर चेहऱ्याच्या माणसांनी खुर्ची दिली नाही. मनोरंजन म्हणून त्यांस ओसरीवरच ठेवले. दोन्हीकडे तोटा झाला, असे आम्हांस वाटते, आणि आमचा तोटा थोडा अधिक.

अपवाद आपल्याकडेही आहे आणि तो लहान नाही. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या हा पोरका मुलगा. तो परक्या घरी येतो आणि त्या घरचा होतो. श्यामच्या वाट्यास आले त्याहून काही कमी या मुलाच्या वाट्यास आलेले नाही. पण ताम्हनकर त्याचे पोरकेपण पानोपानी उगाळीत बसत नाहीत. गोट्या खोड्या काढतो, प्रश्न विचारतो, दुसऱ्याच्या अडचणीत उडी घेतो, आणि ज्या घराने त्यास घेतले त्या घरालाच हळूहळू शहाणे करतो. बकोर पटेलांच्या घरातील रिकामी जागा मराठीत गोट्याने भरली, असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक बोलणे होणार नाही. मूल नसलेले हसरे घर सुरतेने दिले, घर नसलेले हसरे मूल मराठीने दिले. पुढे दूरदर्शनवर गोट्याची मालिका झाली तेव्हा ज्यांनी पुस्तक वाचले नव्हते त्यांनाही तो आपला वाटला. ताम्हनकरांच्या ‘चिंगी’लाही याच पंक्तीत बसविले पाहिजे, मात्र मुलगी असल्यामुळे तिच्याकडे थोडे दुर्लक्षच झाले.

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली. सुरत तिकडे गेली, अमळनेर इकडे राहिले. साहित्यसंस्थांचीही क्षितिजे त्याबरोबर आखडली. मराठी बालवाङ्मयाचा इतिहास लिहिताना आम्ही पुण्या-मुंबईस सुरुवात करतो आणि पुण्या-मुंबईस संपवितो. गुजराती इतिहासकार भावनगर, अमदाबाद आणि सुरत यांत फिरतो. पण ज्या दोन पुस्तकांविषयी आम्ही वर लिहिले ती एकाच इलाख्यात, एका वर्षाच्या अंतराने, एकाच प्रकारच्या उलथापालथीतून निघाली.

माणसांनी मात्र राज्याची सीमा मानली नाही. तापी खोऱ्याचा तोच लोहमार्ग आज उलट्या दिशेने माणसे नेतो. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून निघालेली कुटुंबे गेल्या काही दशकांत सुरतेस उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत वसली आहेत. यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात. बाप रात्रपाळीस असला की मुलास तो झोपलेलाच दिसतो. आजी-आजोबा गावी, थोडी कोरडवाहू जमीन सांभाळीत. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, गल्लीत हिंदी, बाजारात गुजराती. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीखेरीज हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू या माध्यमांबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालविते. त्या वर्गांतील मुले बहुधा याच घरांची. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या बातमीने शहर रिकामे होऊ लागले तेव्हा यांतील पुष्कळ घरे गाडीत मिळेल तेथे बसून गावी परतली आणि काही दिवसांनी पुन्हा आली. २००६ च्या ऑगस्टात उकाईचे पाणी सुटले आणि तापी घराघरात शिरली. नर्मदाच्या १८३७ ची ही नवी आवृत्तीच म्हणावयाची; फक्त या वेळच्या मुलांपैकी कोणी अजून आपली हकीकत लिहिलेली नाही.

हे मूल मराठी बालवाङ्मयाचे मूल आहे की नाही, हा प्रश्न आम्ही परिषदेच्या सभासदांपुढे ठेवू इच्छितो. आमची मुलांची पुस्तके अजून गावातील वाड्यातून निघून शहरातील सदनिकेत येतात आणि तेथेच थांबतात. आईबापांचे विभक्त होणे, आजीचे येऊन राहणे, दत्तक बहीण, असे विषय अलीकडे येऊ लागले आहेत आणि त्यांचे आम्ही स्वागतच करतो. पण ज्या घराचा अर्धा भाग एका राज्यात आणि अर्धा दुसऱ्या राज्यात आहे, आणि दोहोंच्या मध्ये दर सुट्टीला एक रात्रीची गाडी आहे, त्या घराची कादंबरी मराठीस लिहावयाची आहे. ती लिहिणारा बहुधा सुरतेच्या एखाद्या मराठी शाळेतील शिक्षक असेल. दादोबाही तेथे शिक्षकच होते.

त्याने ती कशी लिहावी हे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. दोनच विनंत्या करतो. मुलाची अहिराणी खोडून तिच्या जागी पुण्याची मराठी बसवू नये. आणि गल्लीच्या तोंडाशी राहणारा एखादा शेजारी, खूप बोलणारा, सर्वज्ञ, प्रत्येक कामात हात घालून घोटाळा करणारा, तिच्यात अवश्य असावा. त्याचे तोंड बोकडाचे नसले तरी चालेल.